झाडाचे वय आणि सरकारचा हप्ता

मुंबईच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत ज्यांनी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे वेचली, अशी वडीलधारी माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. पहाटेची गाडी पकडायची, दिवसभर नोकरी करायची आणि सायंकाळी परतल्यावर वाडीत पाणी फिरले की नाही ते पाहायचे, असा त्यांचा दिनक्रम असे. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर भविष्यनिर्वाह निधी आणि आयकर यांच्या शेजारी आणखी एक लहानसा रकाना असे. तो व्यवसाय कराचा. रक्कम किरकोळ, म्हणून कोणी तिची फारशी दखल घेत नसे. कोणी कुरकुर केलीच तर ती 'आणखी एक कापाकापी' एवढीच. हा पैसा कोठे जातो, असे विचारणारे आम्हांला तरी क्वचितच भेटले.

त्या पैशाचा माग काढीत गेले, तर तो सोलापूर-नगरच्या माळरानावरील डाळिंबाच्या आळ्यात, मराठवाड्यातील मोसंबीच्या मुळाशी आणि कोकणातील वरकस जमिनीवरच्या आंबा-काजूच्या खड्ड्यात जाऊन पोहोचतो. फळबागांना दिल्या जाणाऱ्या सरकारी अनुदानाचा महाराष्ट्रातील इतिहास हा असा आपल्या घरातील पगाराच्या चिठ्ठीपासूनही सुरू होतो. म्हणून तो केवळ शेतकी खात्याचा विषय नाही. ज्यांनी तो पैसा दिला आणि ज्यांच्या बांधावर तो पोहोचला वा पोहोचला नाही, त्या सर्वांचाच तो विषय आहे.

राजसत्ता आणि फळझाड

फळझाड आणि राजसत्ता यांचा संबंध आपल्या भूमीत जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमाराच्या प्रकरणात या विषयीची आज्ञा आढळते. गलबते बांधावयास लाकूड हवे, आंबा-फणसाचे लाकूडही त्या कामाचे. तरी रयतेच्या या झाडांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जपून वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषानेच ते न्यावे. झाडाची किंमत त्याच्या लाकडात नसून त्यावर खर्ची पडलेल्या वर्षांत आहे, हे राज्यकर्त्यांनी इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याचे दुसरे जुने उदाहरण आमच्या वाचनात नाही.

ही वर्षे कमी करण्याची विद्या या किनाऱ्यावर प्रामुख्याने पोर्तुगीज अमदानीत रुजली. काजू ब्राझीलहून आला तो सोळाव्या शतकात. आंबा येथलाच, परंतु त्याची कलमे बांधून एकाच जातीचे गुण पिढ्यानुपिढ्या टिकविण्याच्या कलेचा गोव्यात जो प्रसार झाला, त्याचे श्रेय येशूसंघीय धर्मगुरूंना दिले जाते. हापूस, मानकुराद, फर्नांदीन ही नावे त्या काळाची साक्ष देतात. कोयीपासून उगवलेले झाड फळावर येण्यास आठ-दहा वर्षे घेते, तर कलम चार-पाच वर्षांत मोहोर धरते. कलमाने प्रतीक्षा निम्म्यावर आली, पण संपली नाही. उरलेली वर्षे माणसाने काय खाऊन काढावीत, हा प्रश्न तसाच राहिला.

इंग्रजी राजवटीने या प्रश्नाला दिलेले उत्तर तगाईचे होते. जमीनसुधारणा कर्जाचा कायदा 1883 साली आणि शेतकरी कर्जाचा कायदा 1884 साली झाला. विहीर खणण्यास, बांध घालण्यास, बी-बैल घेण्यास सरकार पैसे देई. परंतु ते कर्ज असे आणि थकले तर जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. ज्याच्या शेतात चार महिन्यांनी पीक उभे राहते, त्याला असे कर्ज एक वेळ परवडेल. ज्याचे झाड पाच वर्षांनी फळणार, त्याच्या दारात तगाईचा हप्ता मात्र फळाच्या कितीतरी आधी येऊन उभा राही. त्यामुळे आंब्याची वा मोसंबीची बाग ही दीर्घकाळ घरच्या सुस्थितीची खूण राहिली. हातावर पोट असलेला माणूस भात, नाचणी, ज्वारी यांच्यापलीकडे पाहू शकत नव्हता. जमीन होती, पाऊस होता, अंगात कष्टही होते. नव्हती ती थांबण्याची ऐपत.

खडीपासून खड्ड्यापर्यंत

या कथेला वळण मिळाले ते दुष्काळाने. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा एक प्रयोग झाला होता. 1972 साली तो राज्यासाठी स्वीकारला गेला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण अवर्षण कोसळले. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. खडी फोडणाऱ्या बाया, पाटीवर माती वाहणारी मुले, हजेरीपट घेऊन फिरणारा मुकादम हे दृश्य त्या पिढीच्या डोळ्यांसमोरून अजून हललेले नाही. पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला.

या हक्कासाठी पैसा हवा होता. तो उभारण्यासाठी 1975 सालच्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून आलेला हा पैसा, इतर काही करांसह, रोजगार हमीसाठी राखून ठेवायचा आणि शासनाने त्यात तेवढीच भर घालायची, अशी ती व्यवस्था होती. शहरातील पगारदाराने खेड्यातील बेकाराची हमी घेतली, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. आमच्या मते महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील हे एक थोर कृत्य होते. आणि ते करणाऱ्यांतील बहुतेकांना आपण ते करीत आहोत याची जाणीवही नव्हती.

रोजगार हमीतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. परंतु दहा-बारा वर्षांत एक उणीव लक्षात येऊ लागली. पहिल्या पावसात वाहून जाणारा रस्ता पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच हातांनी करावा लागे. मजुरी मिळे, पण मजुराच्या स्वतःच्या घरी काही उभे राहत नसे. कोरडवाहू शेतीचा मालक असलेला लहान शेतकरी उन्हाळ्यात सरकारी कामावर दगड फोडी, आणि त्याची स्वतःची दोन-तीन एकर वरकस जमीन त्याच वेळी ओसाड पडलेली असे.

1990 चा निर्णय

शरद पवार मुख्यमंत्री असताना 1990 साली राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. कल्पना म्हटली तर अगदी साधी होती. शेतकऱ्याने स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणावेत, माती व शेणखत भरावे, कलम लावावे, आळे करावे, कुंपण घालावे, पाणी द्यावे. आणि या श्रमाची मजुरी सरकारने द्यावी. जे काम कालपर्यंत त्याने सडकेवर केले, तेच आज बांधाच्या आत करावे. मजुरीचा सर्व खर्च शासनाचा. कलमे, खते, औषधे या साहित्याचा खर्च अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त जाती व लहान शेतकरी यांच्यासाठी संपूर्ण, तर इतरांसाठी तीन-चतुर्थांश शासनाने सोसावा, असे ठरले.

यातील खरे शहाणपण रकमेत नव्हते, ते तिच्या वाटणीत होते. अनुदान एकरकमी मिळत नसे. ते तीन वर्षांत मिळे, आणि पुढील वर्षाचा पैसा झाडांतील ठरावीक हिस्सा जिवंत असेल तरच हाती पडे. कृषी खात्याचा माणूस शेतात येऊन झाडे मोजी. म्हणजे सरकार येथे कलमाची किंमत देत नव्हते. ते झाड जगविण्याची, थांबण्याची किंमत देत होते. लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. तीन वर्षे फळ न दिलेले झाड धनी तोडू पाहतो आणि माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पण ती नुसतीच मागत नाही, भोवती खणण्याचे व खत घालण्याचे वचन देऊन मागतो. मुदत आणि मशागत यांची ही जोडी कोणत्याही फळबाग योजनेचा आत्मा होय.

आंबा, काजू, चिकू, नारळ, फणस, कोकम, डाळिंब, बोर, सीताफळ, चिंच, आवळा, संत्रे, मोसंबी, कागदी लिंबू अशी बहुवर्षीय फळझाडे या योजनेत आली. तिचा रोख मुख्यतः कोरडवाहू आणि पडीक जमिनीवर होता. वसईच्या पाणथळीतील केळीची वाडी वा पानवेल तिच्या नजरेसमोर नव्हती, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. योजनेपूर्वी महाराष्ट्रात फळबागांखालील क्षेत्र अडीच लाख हेक्टरांच्या आसपास होते. पुढील दीड-दोन दशकांत ते कितीतरी पटींनी वाढले. सांगोल्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्याचे नाव डाळिंबासाठी सर्वत्र ऐकू येऊ लागले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कातळावर सुरुंग लावून खड्डे घेतले गेले, बाहेरून माती आणून भरली गेली, आणि जेथे गवतच तेवढे उगवे तेथे कलमे उभी राहिली. 'रोजगार हमी' आणि 'फलोत्पादन' हे दोन शब्द मंत्र्याच्या खात्याच्या नावातही शेजारी शेजारी आले.

याच सुमारास दुसऱ्या एका वाटेने हाच विचार आदिवासी भागात पोहोचत होता. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने 1982 पासून गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी सुमारे एक एकराची आंबा-काजूची बाग उभारण्याचे काम हाती घेतले होते. पुढे ते जव्हार परिसरातही आले. या उपक्रमाला नाव मिळाले 'वाडी'. आपल्या घरोघरी रोज उच्चारला जाणारा हा शब्द विकासाच्या कागदपत्रांत असा मानाने बसला. झाडे लहान असेपर्यंत मधल्या जागेत भाजीपाला व धान्य घ्यावे आणि प्रतीक्षेच्या वर्षांत चूल पेटती ठेवावी, हे त्यातील तत्त्व आपल्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

ज्यांच्यापर्यंत हप्ता पोहोचला नाही

इतके गुण गायल्यावर दोषांकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या योजनेवर त्या काळी एक मूलभूत आक्षेप घेतला गेला आणि तो आजही विचारात घेण्याजोगा आहे. रोजगार हमीचा पैसा भूमिहीन मजुराच्या नावाने जमविलेला. तो जमिनीच्या मालकाच्या बागेत घातला, तर ज्याच्याजवळ जमीनच नाही त्याच्या हाती काय राहिले? खड्डे खणण्याची मजुरी फार तर काही आठवड्यांची. फळ मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे मालकाचे. या आक्षेपाला योजनेच्या बाजूने उत्तर दिले जाई ते असे, की बाग उभी राहिली की छाटणी, फवारणी, काढणी, बांधणी यांतून गावातच कायमचे काम निर्माण होते. ते पुष्कळ अंशी खरेही ठरले. तथापि काम आणि मालकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही.

दुसरा अडसर सातबाऱ्याचा. अनुदान त्यालाच मिळे ज्याचे नाव उताऱ्यावर असे. कोकणात आणि आपल्या उत्तर किनाऱ्यावर एकेका तुकड्यावर आजोबांच्या काळापासूनची दहा-बारा नावे असतात. काही मुंबईत, काही परदेशी, काही देवाघरी गेलेली. सहहिस्सेदारांची संमती मिळवता मिळवता पावसाळा निघून जाई. जी सून वा विधवा बहीण प्रत्यक्ष वाडी राखी, तिचे नाव बहुधा कागदावर नसेच. झाडाला पाणी घालणारा हात एक आणि अर्जावरील अंगठा दुसऱ्याचा, असा प्रकार सर्रास घडला.

तिसरा दोष व्यवहाराचा. मागणी अचानक वाढल्यावर निकृष्ट कलमेही खपली. हापूस म्हणून लावलेले झाड पाच वर्षांनी भलत्याच जातीचे निघाले, तर दाद कोठे मागायची? काही झाडे केवळ कागदावरच वाढली, हेही लपून राहिले नाही. शिवाय अनुदान हाती येण्यापूर्वी खर्च स्वतः करावा लागे, तेव्हा ज्याच्या गाठीला चार पैसे होते तोच पुढे सरसावला.

योजना पुढे निरनिराळ्या रूपांत चालू राहिली. केंद्राचे राष्ट्रीय फलोत्पादन अभियान 2005 साली आले. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा फेब्रुवारी 2006 पासून अमलात येऊ लागल्यावर फळबागेचे काम बऱ्याच अंशी त्या चौकटीत गेले; पण तेथे लाभार्थ्याजवळ मजुराचे ओळखपत्र असणे आवश्यक होते. जे त्यात बसत नव्हते अशांसाठी राज्याने 2018 साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने स्वतंत्र योजना आणली. तिच्यातही अनुदान तीन वर्षांत विभागले होते: पहिल्या वर्षी 50 टक्के, दुसऱ्या वर्षी 30 आणि तिसऱ्या वर्षी 20. कोकणात किमान 10 गुंठे, तर इतरत्र 20 गुंठे जमीन असण्याची अट होती. 1990 चे शहाणपण टिकले, आणि जमिनीच्या मोजमापाचा जुना अडसरही टिकला.

गुंठा मोजावा की झाड?

हा अडसर किती खोल आहे ते 3 जून 2020 रोजी दिसले. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या पोफळींना लागे, त्यांतील कित्येक दोन-दोन पिढ्यांच्या होत्या. शासनाने फळबागांसाठीची मदत हेक्टरी 18,000 रुपयांवरून 50,000 रुपयांपर्यंत वाढविली. तिला दोन हेक्टरांची मर्यादा होती. वाढ मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण आता जरा हिशेब मांडून पाहू. हेक्टर म्हणजे जवळजवळ 100 गुंठे. तेव्हा गुंठ्याला पडले 500 रुपये. ज्याची वाडी पाच गुंठ्यांची, त्याच्या वाट्याला 2,500. समजा, त्या पाच गुंठ्यांत दाटीने लावलेल्या 100 पोफळी व 10 माड होते आणि सारेच मोडले. तर झाडामागे 23 रुपयेही पडत नाहीत. पडलेले खोड कापून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा त्यात भागणार नाही.

कोकणातील बागायतदारांनी तेव्हा मागणी केली, ती अधिक रकमेची होती तशीच मोजमाप बदलण्याचीही होती. आमची वाडी क्षेत्राने मोजू नका, झाडांनी मोजा, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर शासनाने ते मान्य करून सुपारीच्या झाडास 50 रुपये व नारळाच्या झाडास 250 रुपये असा दर ठरविला. वरील उदाहरणातील वाडीला या हिशेबाने 7,500 रुपये येतात. पहिल्या रकमेच्या तिप्पट. तरीही पन्नास रुपयांत चाळीस वर्षांची पोफळ परत येत नाही. नवे रोप लावले तर ते फळावर येण्यास पाच ते आठ वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचा हप्ता कोणत्याच पंचनाम्यात लिहिलेला नसतो. पाठोपाठ मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले आणि ऐन काढणीतला आंबा जमिनीवर पडला. त्यापूर्वी 2012-13 च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीने हेच भोगले होते. पाण्यावाचून वाळलेल्या बागांवर मालकांनीच कुऱ्हाड चालविली. सरकारच्या मदतीने लावलेले झाड तोडताना कोणाचे मन काय म्हणत असेल, याची कल्पना ज्याने एकदा तरी झाड लावले आहे त्याला सहज येईल.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. अनुदान यशस्वी झाले ते जेव्हा त्याने झाडाची वर्षे मोजली तेव्हा. आणि ते अपुरे पडले ते जेव्हा त्याने केवळ जमिनीचा आकार वा आर्थिक वर्षाची अखेर मोजली तेव्हा. आज्ञापत्रातील आज्ञा, 1990 चे तीन हप्ते आणि 2020 सालची झाडांवरील मोजणी ही एकाच जाणिवेची रूपे आहेत. अंदाजपत्रक दर मार्चला संपते. झाड मार्चमध्ये कोठे मोहोरून फळ धरू लागलेले असते.

आपल्या भागात आज वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि ज्यांच्या वाड्या उरल्या आहेत त्यांच्या मुलांना त्या राखण्यात अर्थ वाटेनासा झाला आहे. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण एवढे तरी करावे: सातबाऱ्यावरील मृतांची नावे कमी करून घ्यावीत, वाडी राखणाऱ्या लेकी-सुनांची नावे रीतसर नोंदवावीत, आणि आपल्या वाडीत कोणती किती झाडे आहेत व ती कोणत्या वयाची आहेत याची एक साधी वही घरी ठेवावी. वादळानंतर पंचनाम्याला येणारा तलाठी पडलेली झाडे मोजू शकेल. त्यांचे वय मात्र त्याला आपणच सांगितले पाहिजे.

राहिली ती पगाराच्या चिठ्ठीची गोष्ट. ज्या वडिलांनी वर्षानुवर्षे तो किरकोळ कर भरला, त्यांना एखाद्या रविवारी मिस्सानंतर गाठून सांगावे, की तुमचे चार पैसे वाया गेले नाहीत. कोण्या अनोळखी माणसाच्या माळावर त्यांची सावली पडली आहे.